लिंबू, थायी आणि शकुनताईंचं स्टोअर

अकोल्याच्या एमआयडीसीत तराळ्यांचा पेरणी यंत्रांचा कारखाना आहे. तिथे नव्याने लागलेल्या माणसाची पहिल्या दिवशी एक फजिती ठरलेली असे. फिटर त्याला सांगायचा, "जाय, स्टोअरमधून पावभर वाटाणे अन् चार गवारी घेऊन ये." तो बिचारा सरळ कॅन्टीनकडे चालू लागायचा. मागून हशा व्हायचा आणि मग कोणीतरी त्याला दंडाला धरून स्टोअरच्या खिडकीशी नेऊन उभं करायचं.

खिडकीत शकुनताई मेहरे असायच्या. त्या हसत नसत. वाटाणे म्हणजे बेअरिंगचे छर्रे. ते त्या तागडीत घालून तोलायच्या. गवारी म्हणजे लांबट, चपट्या पिना. त्या चार मोजून द्यायच्या आणि वर विचारायच्या, "नाव काय तुयं? कोन्या गावचा?" दोन्ही उत्तरं त्या जन्मभर विसरत नसत.

या नावांचं मूळ भाजीबाजारात होतं. शकुनताईंची आई तानुबाई अकोल्याच्या बाजारात भाजीचं दुकान लावायची, आणि लग्न होईपर्यंत शकुन तिच्या शेजारी पोत्यावर बसलेली. लग्न झालं तेही भाजीतच. नवरा जीवन शहराबाहेर दोन एकरात मेथी-पालक काढायचा आणि बोलायचा मोजकं. सव्वीस वर्षांपूर्वी शकुन कारखान्यात लागली ती नट-बोल्ट पिशव्यांत भरायला. पुढे जुने स्टोअरकीपर गाव सोडून लेकाकडे राहायला गेले, तेव्हा मालकांनी, म्हणजे मोठ्या तराळ्यांनी, तिला खिडकीत बसवलं, कारण कुठली वस्तू कुठे आहे हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. कॅटलॉगमधली इंग्रजी नावं तिच्या जिभेवर बसेनात. मग तिने ओळखीची नावं दिली. वळ्यावळ्यांची रबरी नळी दिसली, तिचा दोडका झाला. खडबडीत कपलिंग कारलं झालं. आणि ज्या गोल चकतीच्या कडेच्या खाचांमधून एकेक दाणा खाली पडतो, पेरणी यंत्राचा जीव जिच्यात असतो, ती चकती तिला आडव्या कापलेल्या लिंबासारखी दिसली. म्हणून ती लिंबू.

घरी भाजी, कारखान्यातही भाजी. जीवन कधीमधी म्हणायचा, "तुले तिकडं पगार देतात का वाटा?"

आठ वर्षांपूर्वी कारखान्यात पहिलं सॉफ्टवेअर आलं. त्यात एक पिन चढवायची तर बावीस चौकोन भरावे लागायचे. काही चौकोनांपुढे लाल चांदणी असे आणि तो चौकोन भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. शिकवायला अकरा दिवस माणूस येऊन बसला. शकुनताईंनी अकरा दिवस मान डोलावली, त्याला रोज चहा पाजला, आणि तो गेल्यावर 'प्रकार' या चौकोनात प्रत्येक वस्तूपुढे एकच शब्द भरला: 'इतर'. संगणकाचं ऐकाल तर तराळ्यांचं पेरणी यंत्र नखशिखांत 'इतर' या पदार्थाचं बनलेलं होतं.

यातून शकुनताईंचं नुकसान काहीच झालं नाही. संगणकात काही सापडत नाही म्हटल्यावर सगळे खिडकीशीच यायचे. कोणी हाताने आकार करून दाखवायचं, कोणी तोंडाने आवाज काढायचं. शकुनताई पोत्याकडे न पाहता हात घालून वस्तू काढून द्यायच्या. आपल्याला सुट्टी मिळत नाही, अशी तक्रार त्या वर्षभर करायच्या. आवाज मात्र असा असायचा, की ऐकणाऱ्याने अभिनंदनच करावं.

मोठे तराळे गेल्यावर कारखाना त्यांचा मुलगा देवानंद पाहू लागला. देवानंदची सासुरवाडी अमरावतीची. एका रविवारी तो तिथे सोफ्यावर पडलेला असताना त्याला दिसलं, की सत्तरीच्या सासूबाई फोनवर कोणाच्या तरी नातवाला अंगठा दाखवताहेत, कोणाच्या लोणच्याखाली 'वा' लिहिताहेत, आणि स्वतःच्या तुळशीचा फोटो चार गटांत टाकताहेत. तो उठून बसला. त्याने विचारलं, "आई, हे तुमाले कोनं शिकवलं?"

"शिकवाचं काय त्याच्यात?" सासूबाई म्हणाल्या.

देवानंदला तो साक्षात्कार वाटला. दुसऱ्या दिवशी तो तिथल्याच राजापेठेत आचलच्या ऑफिसात जाऊन धडकला. आचल म्हणजे सासूबाईंच्या शेजाऱ्यांची मुलगी. पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करून परतलेली. तिचं ऑफिस दोन खोल्यांचं, खाली शिकवणी वर्ग. वर्ग सुटला की जिन्याच्या तोंडाशी एवढ्या स्कूट्या लागायच्या, की आचल अर्धा तास वरच अडकायची. त्या अर्ध्या तासात तिने एक तत्त्वज्ञान तयार केलं होतं. माणूस घरी फोन न शिकता वापरतो, तर ऑफिसातलं सॉफ्टवेअर त्याला शिकवावं का लागतं? तेव्हा ऑफिसातलं सॉफ्टवेअरच फोनसारखं करा. भिंत द्या, फोटो टाकू द्या, गप्पा मारू द्या. कामाची गोष्ट त्यातून आपोआप वर येते.

या 'आपोआप'वर आचलचा फार जीव होता.

तीन महिन्यांनी 'ओटा' नावाचं ते सॉफ्टवेअर घेऊन ती अकोल्याला आली. जोडणीच्या शेडमध्ये सगळ्यांना उभं करून तिने दाखवलं. प्रत्येकाचं एक पान. वस्तूचा फोटो काढायचा, ओट्यावर टाकायचा. खाली बाकीच्यांनी लिहायचं. आवडलं तर अंगठा. आणि कोणत्याही वस्तूला आपल्याला हवं ते नाव चिठ्ठीसारखं चिकटवायचं. पुढे शोधताना त्या नावाने वस्तू सापडणार.

"आपल्याले हवं ते?" मागून कोणीतरी विचारलं.

"हवं ते."

शकुनताई खिडकीतून ऐकत होत्या. त्यांनी खिडकीचं दार अर्धं ओढून घेतलं.

पहिल्या आठवड्यात ओट्यावर जे घडलं ते आचलच्या तत्त्वज्ञानात बसणारं नव्हतं. सकाळी सहापासून सूर्योदयाचे आणि गुलाबाचे फोटो पडू लागले. पेंटिंग विभागाने आपल्या डब्यांतल्या भाज्यांना चांदण्या देण्याची स्पर्धा सुरू केली. देवानंदने गुणवत्तेवर दीड पानाचा मजकूर टाकला. चार मिनिटांत त्याला त्रेसष्ट अंगठे मिळाले, म्हणजे तो कोणीच वाचला नाही. पण देवानंद एवढा खूश झाला, की कारखान्यात एकूण माणसं अडुसष्ट, तेव्हा उरलेले पाच कोण, हे तो दुपारपर्यंत शोधत राहिला.

मग प्रेसवरच्या पंजाबरावांची गोष्ट झाली. पंजाबराव अठ्ठावन्न वर्षांचे, कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. पत्र्यातून चकत्या पाडणाऱ्या प्रेसवर त्यांचा तीस वर्षांचा हात. त्यांनी मोठ्या कष्टाने एक ओळ टाइप केली, 'प्रेस बंद पडली.' तासाभरात तिला एकोणीस अंगठे आले. एकाने तर फुलांचा गुच्छ ठेवला. दुरुस्तीला कोणी आलंच नाही.

पंजाबराव फोन हातात धरून स्टोअरच्या खिडकीशी आले. "पाय शकुन, मशीन मेली अन् हे पोट्टे आंगठे दाखवून राहिले! मयतीले बी असेच येतीन का हे?"

शकुनताईंना आत खूप बरं वाटलं. वरून त्या म्हणाल्या, "मी त आधीच म्हटलं होतं." खरं तर त्यांनी कोणालाही काहीही म्हटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी आचल आली तेव्हा शकुनताई फाटकाजवळच उभ्या होत्या. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनवर त्यांचं स्वतःचं पान. नाव, हुद्दा, आणि नावाखाली हिरव्या अक्षरांत एक शब्द: 'नवखी'.

"हे कोनं लेहलं?"

"कोणी नाही ताई. ज्याने ओट्यावर अजून काही टाकलं नाही, त्याच्या नावाखाली ते आपोआप येतं."

"आपोआप?" शकुनताईंचा आवाज शेडपर्यंत गेला. "सव्वीस वर्सं झाले मले इथी. तू रांगत होती तवा मी या खिडकीत होती. अन् मी नवखी?"

"तुम्ही काही टाकलंत की ते बदलेल ना."

"अन् नाई टाकलं त?"

आचलने खांदे उडवले. शकुनताई तरातरा आत गेल्या. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ओट्यावर त्यांचा पहिला फोटो पडला. एक पिन, तिच्या शेजारी मापासाठी ठेवलेली खरी गवारीची शेंग, आणि मजकूर: 'गवार. डावीकडची लोखंडाची.'

या फोटोवर सगळा कारखाना हसला. पण हसता हसता सगळ्यांना पिन कळली. दुसऱ्या दिवशी दोडका आला, मग कारलं, मग वाटाणे. त्यासाठी जीवन सकाळी शेतातून निवडून भाजी आणून द्यायचा आणि शकुनताई ती पदराखाली लपवून कारखान्यात न्यायच्या. पंधरा दिवसांत त्यांनी दोनशे ऐंशी वस्तू टाकल्या. नावाखालचा शब्द बदलून 'ओळखीची' झाला, मग 'जाणकार', मग 'उस्ताद'. या गोष्टीकडे आपलं लक्षही नाही, असं शकुनताई दाखवायच्या. फक्त फोन काउंटरवर ठेवताना तो नेहमी उताणा असायचा, आणि ते पान उघडं असायचं.

गंमत म्हणजे त्यामुळे काम खरोखरच होऊ लागलं. रविवारच्या पाळीत त्या नसताना फिटरने 'दोडका' शोधला, नळी कोणत्या मांडणीत आहे ते त्याला दिसलं, आणि तो नळी घेऊन गेला. सोमवारी हे कळल्यावर शकुनताईंना आनंद झाला, आणि त्या आनंदात कुठेतरी खडा लागल्यासारखंही झालं.

त्यातच लोकांनी आपापल्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. दोडक्याला कोणी 'सोंड' म्हणालं, कारल्याला कोणी 'मक्याचं कणीस'. वस्तू शकुनताईंची, फोटो शकुनताईंचा, आणि वर भलत्याचंच नाव! एकदा तर पंजाबरावांनी लिंबाखाली चिठ्ठी लावली, 'थायी'. म्हणजे थाळी. बोलताना वऱ्हाडात ळचा य होतो, डोळ्याचा डोया आणि थाळीची थायी होते. पंजाबरावांनी जसं बोलतात तसं लिहिलं. ती चकती ते स्वतः प्रेसवर पाडायचे, तीस वर्षं तिला थायीच म्हणत आले होते.

चिठ्ठी काढायचं बटण शकुनताईंना आचलनेच दाखवलं होतं, एखादी चुकून लागली तर म्हणून. त्यांनी 'थायी' काढून टाकली. कारणाच्या चौकोनात लिहिलं, 'अशुद्ध'.

ज्या बाईने आयुष्यात कधी 'डोळा' हा शब्द तोंडाने उच्चारला नव्हता, तिने शुद्धलेखनाचा झेंडा असा अचानक हाती घेतला. त्या हातासरशी सोंडही गेली आणि कणीसही गेलं.

ओट्यावर कोणी काय बदललं ते सगळ्यांना दिसतं, ही गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. पंजाबरावांना ते जेवणाच्या सुट्टीत दिसलं. डबा बंद करून ते उठले, आणि त्या दिवसापासून स्टोअरमधून काही हवं असलं की हाताखालच्या माणसाला पाठवू लागले. खिडकीसमोरून जाताना ते दुसरीकडे पाहायचे.

"काहून रुसले जी पंजाबभाऊ?" शकुनताईंनी एकदा हाक मारून पाहिली.

"आमी अशुद्ध लोक," पंजाबराव म्हणाले आणि पुढे गेले.

जूनचा पहिला आठवडा होता. पेरणी तोंडावर आली की कारखान्याची धावपळ वाढते, दुकानदारांचे फोन खणखणत असतात. यंदा देवानंदने दुकानदारांनाही ओट्यावर घेतलं होतं. अकोटच्या किशोर नावाच्या दुकानदाराने लिहिलं, 'थाया पाठवा पन्नास. अर्जंट.'

माल पाठवायचं काम वर्षालीकडे होतं. वर्षाली कामाला लागून तीन महिने झालेले, मुलगी हुशार. तिने 'थायी' शोधलं. काही आलं नाही. मग तिने विचार केला, हे थाळी असणार. 'थाळी' शोधलं. एक वस्तू आली. खताच्या पेटीखाली बसणारा खोलगट पत्रा, त्याला पेंटिंगच्या सुपरवायझरने चांगल्या शुद्ध मराठीत 'थाळी' अशी चिठ्ठी लावली होती. वर्षालीने त्या पन्नास थाळ्या बांधून एसटीच्या पार्सलने रवाना केल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ओट्यावर किशोरचा फोटो पडला. दुकानाच्या काउंटरवर पन्नास थाळ्यांची चळत, आणि खाली प्रश्न: 'याच्यात पोहे वाढू का गिऱ्हाइकाले?'

वर्षालीने तो पाहीपर्यंत त्याला एकतीस अंगठे पडले होते. त्यातला एक देवानंदचा. त्याने सवयीने दाबला आणि मग वाचलं.

पाच मिनिटांत वर्षाली त्याच्या केबिनमध्ये उभी होती. केबिनला काच होती, त्यामुळे आवाज येत नसला तरी सगळं दिसत होतं. शकुनताई खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी फोन उघडला, लिंबाच्या फोटोचं पान उघडलं, आणि खाली सरकवत त्या ओळीपर्यंत गेल्या. 'शकुन मेहरे यांनी थायी ही चिठ्ठी काढली. कारण: अशुद्ध.' तारीख होती, वेळही होती.

ती ओळ कोणी उघडून पाहिली नव्हती. कदाचित कोणी पाहणारही नव्हतं. शकुनताईंनी फोन ठेवला, तागडी पुसली. पुसलेली तागडी पुन्हा पुसली. काचेपलीकडे वर्षाली ओढणीने नाक पुसत होती. मग शकुनताई उठल्या आणि केबिनमध्ये गेल्या. दार वाजवायचं त्या विसरल्या.

"देवाभाऊ, त्या पोरीले बोलू नका. चिठ्ठी मी काढली होती."

"कोणती चिठ्ठी?"

"थायी. पंजाबभाऊनं लावली होती, मी काढली. असती त या पोरीले बरोबर सापडलं असतं." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "इथी लेहलं हाये सगयं."

देवानंदने ती ओळ दोनदा वाचली. "अशुद्ध म्हणजे?"

"म्हंजे मले राग आला होता," शकुनताई म्हणाल्या.

देवानंद गुणवत्तेवर दीड पान लिहू शकत असे, पण समोरचा माणूस असं सरळ बोलला की त्याची गाडी अडायची. शकुनताईंनीच मार्ग काढला. "पार्सल उद्याच पोचीन. लोकं पेरनीले थांबले हायेत. मी आताच जातो घेऊन."

बाराच्या अकोट गाडीत त्या दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या. लग्न-मयत सोडली तर कामाच्या दिवशी त्या दुपारी कारखान्याबाहेर पडल्याच नव्हत्या. कंडक्टरने पिशवीला हात लावून विचारलं, "काय हाये जी मावशी, एवढं खयखयून राहिलं?"

शकुनताईंच्या तोंडून सवयीने 'लिंबू' निघालं. कंडक्टर पुढची दोन तिकिटं फाडेपर्यंत त्या पिशवीकडे पाहत राहिला.

किशोरचं दुकान अकोटच्या बाजारात, दाटीवाटीचं. शकुनताई कोण आहेत हे कळल्यावर त्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी, आणि मग मनसोक्त चिडवलं. "या थाया अन् त्या थाया, दोनी तुमच्याच कारखान्याच्या. आमी पोहे त खाल्ले नाई अजून, वापस न्या." परतीची गाडी चारला होती. शकुनताई काउंटरच्या कडेला बसून राहिल्या.

ते तीन तास त्यांच्यासाठी मोठे शिकवणीचे गेले. गिऱ्हाइकं एकामागून एक येत होती. एकाने 'सोंड' मागितली. किशोरने हात वर करून नळी काढून दिली, म्हणजे शकुनताईंचा दोडका. दुसऱ्याने तीच नळी 'घसा' म्हणून नेली. त्यांची गवार इथे 'काडी' होती, वाटाणे 'ज्वारी' होते, आणि कारल्याला एकजण चक्क 'मेव्हणा' म्हणाला, कारण मेव्हणा नवरा-बायकोच्या मध्ये अडकतो तसं ते दोन भागांच्या मध्ये अडकलेलं असतं. तीन तासांत त्यांच्या भाजीबाजारातलं एकही नाव कोणी घेतलं नाही. त्यांनी पर्समधून बिलाचा एक जुना कागद काढला आणि पाठीमागे लिहायला लागल्या. आधी जरा तोंड वाकडं करून, मग घाईने, कारण नावं सुटत होती.

साडेतीनच्या सुमारास एक बाई आली. पन्नाशीची, नऊवारी, हातात एक चकती. माणिकबाई, पणज गावाच्या वाटेवर तिची शेती. तिने चकती काउंटरवर ठेवली. "ही भाकर बदलून दे. सोयाबीन फोडते."

"भाकर?" शकुनताईंच्या तोंडून गेलं.

"हाव, भाकर. तुमी कोन?"

"मी कारखान्याची. आमीच बनवतो हे."

माणिकबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट एका खाचेच्या कडेवरून फिरवलं. "लागते का हाताले?"

लागत होतं. खाचेच्या आतल्या अंगाला बारीक धार उभी होती.

"तुमच्या बोटाले लागते, त दान्याले नाई लागनार? दाना तासला जाते. तासलेलं उगवत नाई. मी कोनाले सांगू हे? याले सांगतलं त हा म्हन्ते, कंपनीले सांगा. कंपनी कुठी बसते मले काय मालूम?"

शकुनताईंनी फोन काढला. "पुन्हा सांगा, अस्संच सांगा. बोट फिरवून दाखवा." माणिकबाईने पदर सारखा केला आणि पुन्हा सांगितलं, आता जरा मोठ्याने. शकुनताईंनी ते चित्रण तिथूनच ओट्यावर टाकलं. खाली लिहिलं, 'पंजाबभाऊ, हे पाहा. थायीची तक्रार हाये. थायी चिठ्ठी मीच काढली होती, चूक मायी. आता वापस लावली.'

अंगठे लगेच पडू लागले. शकुनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाच मिनिटांनी खाली एक ओळ उमटली. पंजाबरावांनी नऊ दिवसांनी त्यांना उद्देशून काढलेले पहिले शब्द होते ते:

'कोन्या खाचेले? सगय्या का एकच?'

शकुनताईंनी माणिकबाईला विचारलं. माणिकबाईने सगळ्या खाचा बोटाने तपासल्या. शकुनताईंनी लिहिलं, 'तीन. लागून लागून.'

'त्या थायीचा फोटो पाठव. मागची बाजू.'

फोटो गेला. दहा मिनिटं गेली. मग: 'साचा झिजला. समजलं. तू नेल्या त्या बी तशाच असतीन. बाईले म्हन, कानस घेऊन हलक्या हातानं आतून फिरव, आजचं काम होईन. नवी उद्या पाठवतो.'

शकुनताईंनी ते माणिकबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. माणिकबाईने फोनकडे वाकून पाहिलं. "हा कोन?"

"हा बनवते."

"चांगला दिसते," माणिकबाई म्हणाली. पंजाबरावांच्या पानावर त्यांचा लग्नातला फोटो होता.

चारची गाडी चुकली. पाचची मिळाली. त्यातही बसायला जागा नव्हती. पन्नास खोलगट थाळ्यांचं गाठोडं पायाशी ठेवून शकुनताई दांडीला धरून उभ्या राहिल्या आणि एका हाताने फोनवर चिठ्ठ्या लावत गेल्या. सोंड, घसा, काडी, ज्वारी, भाकर. मेव्हण्यापाशी त्या क्षणभर थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि तोही लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंजाबराव खिडकीशी आले. रुसवा गेला असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "साच्याले नवीन पोलाद पायजे. अन् तू काल 'तक्रार'ची वेलांटी चुकवली, पायलं का?" तक्रारीला मुळात वेलांटीच नसते, हे शकुनताईंना ठाऊक होतं. त्यांनी पोलाद काढून दिलं आणि तोंड बंद ठेवलं. त्यांच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

त्या आठवड्यात पंजाबरावांनी साचा घासून नीट केला आणि तीन हजार चकत्या पुन्हा बोटाने तपासल्या. आचल आली तेव्हा शकुनताईंनी तिला समोर बसवून दोन कामं सांगितली. पहिलं, चिठ्ठी काढायचं बटण काढून टाक. "मायंही काढ. मायं त आधी." दुसरं, कोणी थायी लिहो की थाळी, डोया लिहो की डोळा, दोन्हीकडून वस्तू सापडली पाहिजे. पहिलं काम आचलने दहा मिनिटांत केलं. दुसऱ्याला तिला सव्वा महिना लागला, कारण तिने ळच्या जागी य शोधायला शिकवल्यावर 'पाय' शोधणाऱ्याला 'पाळ' सापडू लागलं, आणि 'चाय' शोधली की कॅन्टीनऐवजी 'चाळणी' येऊ लागली. राजापेठेच्या जिन्यात अडकून बसल्या बसल्या ती त्याच वऱ्हाडीचा अभ्यास करू लागली, जी लपवण्यात तिने पुण्यातली चार वर्षं घालवली होती.

देवानंदने ओट्यावर अंगठ्याऐवजी 'पाहिलं', 'करतो' आणि 'झालं' अशी तीन बटणं मागून घेतली. त्याच्या पुढच्या गुणवत्तेच्या मजकुराला दोन 'पाहिलं' मिळाले. त्याने तो मजकूर हळूच काढून टाकला.

आणि शकुनताई? त्या दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी एखाद्या गावच्या दुकानात जाऊन बसतात. कधी मूर्तिजापूर, कधी परतवाडा, कधी दर्यापूर. खिडकीत त्या दिवशी वर्षाली असते. पहिल्यांदा निघताना शकुनताईंनी तिला चाळीस सूचना दिल्या होत्या. हल्ली चारच देतात, आणि त्यातल्या तीन तागडीविषयी असतात. दुकानात बसलं की त्यांच्या भोवती हळूहळू बायका जमतात, कारण दुकानदार पुरुषांचं ऐकतो आणि या बाईला बायकांचं ऐकायचं असतं. फणाची उंची, खताच्या पेटीचं झाकण, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधाशी वळताना अडकणारी साखळी, सगळं फोनवर उतरतं आणि ज्याचं त्याला अकोल्यात पोचतं.

परवा परतवाड्याला एका शेतकरणीने त्यांना विचारलं, "बाई, तुमी कंपनीत साहेब हा का?"

'साहेब' शब्दाची चव शकुनताईंनी घेऊन पाहिली, हे त्या दिवशी सोबत आलेल्या आचलच्या नजरेतून सुटलं नाही.

"नाई," त्या म्हणाल्या. "मी स्टोअरमंदी असतो. सांगा तुमी, काय म्हन्ता याले तुमच्याकडं?" आणि त्यांनी पिशवीतून पुढची वस्तू काढली.